ओझं घेऊन उतरायचं आहे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

सोडतीत तुझं नाव निघालं आणि एल्कच्या, म्हणजे त्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचा परवाना हातात पडला, हे वाचून मनापासून आनंद झाला. किती वर्षं अर्ज भरत होतास! त्यातून डोंगरातला हंगाम, गाडीरस्त्यापासून लांबचा. रोज सकाळी पळायला सुरुवात केली आहेस आणि चढ चढून दम वाढवतो आहेस, असं लिहिलं आहेस. आणखी काय करू, असं विचारलं आहेस. सांगतो, आणि सविस्तर सांगतो. पत्र लांबलं तर लांबू दे.

तू चढायची तयारी करतो आहेस. बहुतेक सगळे तेवढीच करतात. मला विचारशील तर उतरायची तयारी त्याहून महत्त्वाची, आणि तीही पाठीवर जड ओझं घेऊन. याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघ. मोठा नर एल्क 300 किलोच्या वर भरतो. हाडं काढून निव्वळ मांस धरलं तरी साधारण 80 ते 100 किलो होतं. हाडासकट एकेक मागची तंगडीच 25-30 किलोची, कधी त्याहूनही जड. एकट्याने न्यायचं तर चार खेपा होतात. तळ 5 किलोमीटरवर असेल, तर भरल्या पाठीने 20 किलोमीटर आणि मधल्या परतीच्या फेऱ्यांचे रिकाम्या पाठीने 15. आणि हे सगळं सुरू कधी होतं? दिवसभर डोंगर तुडवून झाल्यावर, बहुतेक वेळा सूर्य कलल्यावर.

त्यात थांबायला सवड नसते. एल्कचं कातडं आणि केस दाट, अंगातली ऊब आतच कोंडून राहते. थंडी असली तरी खुब्याच्या हाडाजवळचं मांस आधी बिघडतं. म्हणून जनावर लगेच सोलायचं, चारही तंगड्या सुट्या करून सावलीत वारा लागेल अशा टांगायच्या. हे काम उतारावर गुडघे टेकून, कमरेत वाकून, एका हाताने जड तंगडी वर धरून करावं लागतं. तास-दोन तास सहज जातात. पाय थकलेले असले तर उरकायची घाई होते, आणि घाईत सुरी स्वतःच्याच हाताला लागते. अंगात त्राणच उरलं नसेल तर माणूस म्हणतो, राहू दे, सकाळी बघू. सुधीर, ज्या जनावराचा जीव आपण घेतला त्याचं मांस वाया घालवणं मला सहन होत नाही. ते होऊ नये म्हणूनच मी शरीर कमावतो, आणि तूही त्याचसाठी कमावावंस असं मला वाटतं.

मागे आमच्याबरोबर एक चांगला तगडा गडी होता. चढताना आम्हा सगळ्यांच्या पुढे असायचा, धाप म्हणून लागायची नाही. पण पहिली खेप घेऊन उतरायला लागला आणि निम्म्या वाटेतच त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. पाऊल टाकलं की गुडघा दुमडायचा. शेवटी त्याचं ओझं आम्ही वाटून घेतलं आणि त्याला काठीच्या आधाराने हळूहळू खाली आणला. दमात तो कुठेच कमी नव्हता. उतरायचा सराव तेवढा त्याने कधी केलेला नव्हता.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो, म्हणजे प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतो. या कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय असे भरून येतात की बसलं की उठवत नाही. पण आपल्या फायद्याची गोष्ट अशी, की एकदा असा ताण बसून पाय बरे झाले की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तितके दुखत नाहीत. तेव्हा लहान उतारापासून सुरुवात कर, आठवड्यातून एकदा, आणि हळूहळू वाढवत ने. हंगामाच्या आधीचा शेवटचा मोठा, ओझ्यासकट उतार दहा-बारा दिवस आधी उरकलेला असू दे.

डोंगर रोज मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. मग घरी एक पायरी किंवा भक्कम खोकं घे, गुडघ्यापेक्षा थोडं कमी उंचीचं. एका पायावर वर चढ, आणि उतरताना दुसरी टाच जमिनीला लागेपर्यंत मनात तीन मोज. खाली धपकन पडायचं नाही, वरच्या पायाने शरीर सावकाश खाली सोडायचं. गुडघा आत वळतो का ते आरशात बघ. वळत असेल तर खोक्याची उंची कमी कर. हे नीट जमलं की मग सॅक चढव. व्यायामशाळेतल्या यंत्रावर बसून पायाने किती किलो ढकललेस याचं मला फारसं कौतुक नाही. तिथे तोल सांभाळावा लागत नाही, आणि डोंगरात तर पावलोपावली तोल सांभाळायचा असतो.

ओझ्याची सुरुवात आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाने कर. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं वाढवत, हंगामाच्या महिनाभर आधी पाव हिश्शापर्यंत ये. त्याहून जड तंगडीएवढं ओझं अधूनमधून घे, पण कमी अंतर आणि सपाट जमीन. रोज जड ओझं घेणारे पाठ नाही तर गुडघा धरून बसतात. एक जुनी युक्ती सांगतो: सॅकमध्ये पाण्याचे कॅन भर. पहिले काही आठवडे वर पोचलास की पाणी ओतून दे आणि हलक्या पाठीने उतर. पाय तयार झाले की मग पाणी खालीही आण. आणि सॅकचा कमरपट्टा खुब्याच्या हाडांवर घट्ट बसू दे. वजन खांद्यांवर लोंबत राहिलं तर तासाभरात मान आणि हात बधिर होतात, आणि पुढे त्याच हातांनी रायफल धरायची असते.

दमाबद्दल थोडक्यात. तू पळतोस ते बहुधा ऊर फुटेपर्यंत पळतोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. ते आठवड्यातून एकदा पुरे. बाकीचा बहुतेक वेळ अशा गतीने चाल किंवा पळ की पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर गती कमी कर. अशा सावकाश, लांबच्या कामाने स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबी जाळून तासन्‌तास चालायची ताकद येते, आणि हंगामात तर दिवसचे दिवस असंच चालायचं असतं. डोंगरातल्या वेळेचा अंदाज बांधायला नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा ठोकताळा अजून कामाला येतो: सपाटीवर ताशी 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्त. पाऊलवाट सोडून पडक्या झाडांतून, सुट्या दगडांवरून गेलास की याच्याही वर बराच वेळ धर.

आता नेमाबद्दल, कारण याची तयारी फार कमी लोक करतात. चाँदमारीच्या मैदानावर शांत बसून तू सुंदर नेम मारतोस. डोंगरात चढून आल्यावर, छाती धडधडत असताना, जनावर अकस्मात समोर येईल तेव्हा दुर्बिणीतली रेघ नाडीच्या प्रत्येक ठोक्याला हलताना दिसेल. त्याचा सराव आधीच हवा. मैदानावर परवानगी असेल तिथे आधी दम लागेपर्यंत चढ-उतार कर किंवा पायऱ्या चढ. रिकामी आहे याची दोनदा खात्री केलेली रायफल जागेवरच ठेवलेली असू दे, ती घेऊन पळायचं नाही. मग येऊन सॅक खाली ठेव, तिच्यावर रायफल टेकव, दोन-तीन सावकाश श्वास घे, आणि श्वास सोडून झाल्यावर जो क्षणभराचा नैसर्गिक विसावा असतो त्यात चाप हळूच दाब. आधी रिकाम्या रायफलने, मग खऱ्या काडतुसाने. किती अंतरापर्यंत तुझ्या गोळ्या एका ताटलीएवढ्या जागेत पडतात ते बघ, आणि धाप लागलेली असताना तेच अंतर किती घटतं तेही बघ. डोंगरात हे दुसरं अंतर पाळायचं. त्यापलीकडे जनावर कितीही देखणं उभं असलं तरी चाप दाबायचा नाही. जखमी होऊन दरीत उतरलेल्या जनावराचा माग काढत फिरणं फार क्लेशाचं असतं. आणि तो क्लेश आपल्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त असतो.

उंचीचं लक्षात ठेव. 3000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्केच असतो. तिथे जाऊन तू खाली कमावलेल्या दमापेक्षा कमीच दमाने चालशील, यात वाईट वाटून घेऊ नकोस. मात्र आपण तंदुरुस्त आहोत म्हणून उंचीचा त्रास होणार नाही, हा समज काढून टाक. उंचीचा आजार तंदुरुस्त माणसालाही तितकाच होतो, उलट तो वेगाने वर चढतो म्हणून अडकतो. शक्य असेल तर हंगामाच्या दोन-तीन दिवस आधी जाऊन मधल्या उंचीवर मुक्काम कर. 3000 मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नकोस. डोकं दुखतंय, मळमळतंय असं झालं तर आणखी वर जायचं नाही, आणि चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली उतरायचं.

पायांच्या बुटांबद्दल एवढंच, की नवे बूट घेणार असशील तर याच महिन्यात घे आणि सगळा सराव त्यांतच कर. पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतकं दमवतं असं मोजमापांतून दिसलं आहे, तेव्हा घोट्याला आधार हवा असला तरी उगाच लोखंडासारखे जड बूट घेऊ नकोस. टाचेला नुसतं गरम लागायला लागलं की तिथेच थांबून पट्टी लाव. फोड आल्यावर लावून उपयोग नसतो. खाण्याचं म्हणशील तर या महिन्यांत वजन उतरवायच्या नादात उपाशी राहू नकोस. प्रथिनं नीट घे, शरीराच्या दर किलोमागे दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास, आणि झोप मोडू नकोस. ताकद झोपेत भरते. शेवटच्या दोन आठवड्यांत व्यायामाचा पसारा निम्म्यावर आण, पण पूर्ण बंद करू नकोस.

आणि हे मी शेवटी लिहितो आहे, पण करायचं सर्वांत आधी आहे. पन्नाशी जवळ आली आहे आपली. ओझं उचलायच्या आधी हृदयाची तपासणी करून घे, तीही नुसता विश्रांतीतला कार्डिओग्राम काढून नको, चालत्या पट्ट्यावरची स्ट्रेस टेस्ट करून घे. मिशिगनमध्ये मध्यमवयीन शिकाऱ्यांच्या छातीला यंत्र लावून केलेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. हरीण दिसल्यावर, नेम धरताना, मारलेलं हरीण ओढून आणताना त्यांच्यातल्या काहींच्या हृदयाची गती चालत्या पट्ट्यावर गेली होती त्याहूनही वर गेली. म्हणजे श्रम, थंडी आणि उत्तेजना तिन्ही एकदम येतात. तुझ्या वडिलांना झालेला त्रास मी विसरलेलो नाही, तूही डॉक्टरांना तो न चुकता सांग. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असं सरावात काहीही जाणवलं तर त्या दिवसाचा व्यायाम तिथेच बंद करून सरळ दवाखान्यात जा. माझ्यासाठी तरी एवढं कर.

तपासणीचे रिपोर्ट आले की मला कळव. पहिला ओझ्याचा उतार उतरलास की दुसऱ्या दिवशी मांड्या कशा आहेत तेही लिही, म्हणजे पुढच्या महिन्याचं ओझं किती ठेवायचं ते ठरवू. तुझ्याबरोबर कोण जाणार आहे ते तू लिहिलं नाहीस. एकटा जाणार असशील तर मी येतो, दोन खेपा माझ्या.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
विनू