श्रोत्यांच्या वर्गणीवरचा रेडिओ

मा. संपादक,

एफएमवर गाण्यांपेक्षा जाहिरातीच फार, असे म्हणणाऱ्यांनी वर्गणीवर चालणारी केंद्रे ऐकून पाहावीत. अमेरिकेत बर्कलीला १९४९ साली सुरू झालेले केपीएफए हे या पद्धतीचे आद्य केंद्र. न्यू जर्सीचे डब्ल्यूएफएमयू तर जाहिराती घेतच नाही. काय वाजवायचे हे निवेदकच ठरवतो, त्यामुळे पुढे काय लागेल याचा नेम नाही. मजा त्यातच!

ही केंद्रे इंटरनेटवर ऐकायला प्रत्येकाचे वेगळे ॲप नको. केंद्राच्या संकेतस्थळावरील पीएलएस किंवा एम३यू लिंक (थेट प्रसारणाचा पत्ता देणारी फाइल) व्हीएलसी या मोफत प्लेअरच्या ‘नेटवर्क स्ट्रीम’मध्ये टाकली की झाले. १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट) तासाला सुमारे ५८ एमबी डेटा जातो. पावसात नेटवर्क रडतखडत चालते आणि आवाज तुटतो. तेव्हा ६४ किंवा ३२ चा पर्याय असल्यास तो घ्यावा. संगणकावर व्हीएलसीतील नेटवर्क कॅशिंग (आवाज आधी साठवून ठेवण्याचा वेळ) ५००० मिलिसेकंद करावे. गाणे थोडे उशिरा सुरू होईल, पण अडखळणार नाही.

वर्गणी पाठवण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करावेत, नाहीतर पैसे जात नाहीत. दरमहा आपोआप कापली जाणारी रक्कम ई-मँडेटच्या (अशा कपातीला आधी द्यायच्या मंजुरीच्या) नियमांमुळे बऱ्याचदा अडते. एकरकमी द्यावी हे बरे.

आपल्याकडे २००६ च्या धोरणापासून स्वयंसेवी संस्थांनाही १०० वॅटपर्यंतच्या सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू शकतो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे खटकते. पण पेडण्याचा दशावतार, गावोगावची भजने यांना कोण अडवतो? गोव्यातील संस्थांनी अर्ज करावेत.

– एक श्रोता, फोंडा