भोपळ्यांची खोली

चाचा,

परवा मिरजेतल्या आपल्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या उद्घाटनाला तुम्ही शेवटच्या रांगेत, दाराशी बसलात. फीत कापायला बोलावलं, तर "ज्यांना गायचंय त्यांनी कापावी" म्हणालात. समोर बोलायचं ठरवलं होतं, पण गळा दाटून आला. म्हणून सगळ्यांदेखत हे पत्र.

दीड वर्षापूर्वी आम्ही पाच जण तुमच्या तंबोऱ्यांच्या दुकानात आलो, तेव्हा आमच्याकडे दोन मायक्रोफोन, एक लॅपटॉप आणि वर्गणीचे थोडे पैसे होते. जागा नव्हती. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, हातातली कानस खाली ठेवलीत आणि मागच्या खोलीचं कुलूप काढलंत. आत तंबोऱ्यांसाठी मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे आढ्यापर्यंत रचलेले. "हे माळ्यावर चढवतो. खोली घ्या." भाड्याचा विषय मी तीनदा काढला, तिन्ही वेळा तुम्ही चहा मागवलात.

त्या खोलीचं मोल मला विशेष कळतं. चार वर्षांपूर्वी मी पुण्याला रेकॉर्डिंगला गेले होते. पहाटेची गाडी, तासावर भाडं, आणि तिथे तंबोराच नव्हता. मोबाईलमधला तंबोरा हेडफोनवर दिला. सूर चुकत नव्हता, पण टेकायला काही मिळत नव्हतं. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांना धार लावायचं सोडून तंबोरे घडवायला घेतले त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली, २०२४ मध्ये आपल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि त्याच गल्लीत वाढलेली मी परगावी मोबाईलच्या तंबोऱ्यावर गात होते. येताना गाडीत रडले. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आपलं गाव जंक्शनचं. गाडीचा भोंगा एक वेळ अडवता येतो, पण मालगाडीची घरघर जमिनीतून, भिंतीतून येते. म्हणून खोलीच्या आत दुसरी खोली बांधली: दोन भिंतींच्या मध्ये मोकळी जागा, आतल्या भिंतीला आवाज शोषणारं रॉकवूल, वर प्लायवूड, दाराला चारही बाजूंनी रबर. सगळं पुस्तकात होतं तसं केलं. तरी मंद्र षड्ज, म्हणजे खालचा सा, लावला की कुठूनतरी गुणगुण यायची. आठवडाभर आम्ही मायक्रोफोन हलवत बसलो. तुम्ही नमाजानंतर आलात, चपला बाहेर काढल्यात आणि भोपळा घेताना वाजवून बघता तशा बोटाच्या पेरांनी भिंती वाजवत फिरलात. खिडकीच्या बाजूला थांबलात. "पोरी, ही पोकळ बोलतेय." फळी उघडली, तर आतलं रॉकवूल घसरून खाली बसलेलं! चाचा, पन्नास वर्षं भोपळ्यांशी बोललेला तो कान आम्हाला कुठल्या दुकानात मिळाला असता?

उद्घाटनाच्या दिवशी पहिलं रेकॉर्डिंग तुमच्याच तंबोऱ्याचं करायचं हे सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं. गाणं नाही, तबला नाही, नुसता तंबोरा. दर्ग्यात चिंचेखाली खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं ऐकत वाढलेली आपली माणसं बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसली होती. भजनी मंडळातले आजोबा, बँडवाली पोरं, हार्मोनियम शिकणाऱ्या मुली, सगळी. स्पीकरवर खर्जाची, म्हणजे मंद्र षड्जाची, तार आली आणि तुम्ही हात वर केलात. आत गेलात, घोडीवर वाकलात, तारेला गुंजन देणारा जवारीचा दोरा केसभर सरकवलात. पुन्हा तार छेडली. मग त्या एका तारेतून गंधार इतका स्वच्छ उमलला, की आजोबांनी डोळे मिटून घेतले. मायक्रोफोनसमोर जवारी काही लपवू देत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. बारा मिनिटं कुणी हललं नाही.

तो तंबोरा आता आमच्या संगणकात जपून ठेवला आहे. काळी चार, काळी पाच आणि पांढरी चार, तिन्ही पट्ट्यांत. इथे गायला येणाऱ्या कुणालाही मोबाईल चालू करावा लागणार नाही.

खोली दिलीत, कान दिलात, भाड्याचा शब्द काढू दिला नाहीत. मनापासून आभार, चाचा.

सोमवारी शेजारच्या गावातलं भजनी मंडळ येतंय. स्वतःचा तंबोरा आणणार आहेत, दोरा झिजलाय म्हणतात. सकाळी दहाला. कानस घेऊन याल का?

तुमची,
गल्लीतली पोरगी