लेवी बॉडीच्या रुग्णाला दिलेले ते इंजेक्शन

माझे यजमान ७१ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना लेवी बॉडी डिमेन्शिया, म्हणजे विचारशक्ती हळूहळू ढासळवणारा आणि भास घडवणारा मेंदूचा आजार आहे. संध्याकाळी त्यांना ओसरीवर लहान मुले बसलेली दिसतात. ‘अगं, त्यांना चहा दे, केव्हाची बसलीत,’ म्हणतात. पूर्वी मी वाद घालायची. आता ‘दिला, घरी गेली ती’ म्हणते, की शांत होतात. सकाळी मात्र जुन्या मार्गांवरचे थांबे ओळीने सांगतात, त्यामुळे नातेवाइकांना वाटते मीच वाढवून बोलते. असा चढउतार या आजारात असतोच. आधी कित्येक वर्षे ते झोपेत ओरडत, लाथा झाडत. तीही याचीच खूण होती, हे फार उशिरा कळले.

गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियामुळे त्यांना रुग्णालयात ठेवले होते. रात्री घाबरून उठू लागले म्हणून हॅलोपेरिडॉल या मानसिक आजारांवरच्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. सकाळी अंग लाकडासारखे ताठ, घास गिळवेना. पुन्हा चालायला तीन आठवडे लागले. या रुग्णांना अशी औषधे जिवावर बेतू शकतात. मी आजाराचे नाव सांगितले होते, पण रात्रपाळीपर्यंत ते पोहोचलेच नाही.

या आजारात मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या प्रथिनांच्या गुठळ्यांची, म्हणजेच ‘लेवी बॉडीं’ची, नोंद फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये केली. एवढ्या जुन्या आजारासाठी केसपेपरवर ॲलर्जीसारखी लाल शाईची एक ओळ तरी असावी, ही आरोग्य खात्याला कळकळीची विनंती. तोवर ‘हे औषध देऊ नका’ असे औषधाच्या नावासह लिहिलेली चिठ्ठी मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला टाचून ठेवते.

– एक वाचक, मिरज