रविवारची गोळी सोमवारीही!

महोदय,

रुग्णालयांत औषधं संगणकावर लिहिली जाऊ लागली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. ३१ वर्षं वॉर्डात काढली. रात्री दोनला टॉर्च मारून डॉक्टरांचं अक्षर लावत बसायचं आणि नाहीच लागलं तर फोन करून बोलणी खायची, ते दिवस परत नकोत.

पण गेल्या महिन्यात सासूबाई खुब्याच्या ऑपरेशनसाठी इथल्याच एका खासगी रुग्णालयात होत्या. संधिवातासाठी त्यांना मेथोट्रेक्सेटची ७.५ मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच, दर रविवारी असते. सोमवारी सकाळी सिस्टर ट्रॉली घेऊन आली, तर कपात ती पिवळी गोळी पुन्हा हजर. "अगं, ही काल झाली ना?" "मॅडम, सिस्टिममध्ये आजचीपण आहे." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. गोळीपुढे 'ओडी', म्हणजे रोज एकदा. औषधाचं नाव टाकलं की 'ओडी' आपोआप भरलं जातं. 'आठवड्यातून एकदा' हवं तर यादीत पार तळाशी जायचं. हे औषध रोज पोटात गेलं तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. सून सिस्टर होती म्हणून निभावलं.

चूक झाली की स्क्रीनवर यायची ती सूचनेची लाल चौकट? ती तिथे ऊठसूट येते, पॅरासिटामॉललासुद्धा. सगळे न वाचता 'ओके' दाबतात. सासूबाईंच्या या गोळीला मात्र ती आलीच नव्हती.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या रुग्णालयात २०१३ साली एका १६ वर्षांच्या मुलाला एका गोळीऐवजी साडेअडतीस गोळ्या दिल्या गेल्या. डॉक्टरने १६० हा आकडा मिलिग्रॅम समजून टाकला; स्क्रीनवरचा रकाना होता वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅमचा. सूचना आली, ती डॉक्टर आणि फार्मसी दोघांनीही ओलांडली. नर्सने बारकोड लावला, तर यंत्र म्हणालं बरोबर आहे. मुलगा आकडी येऊनही वाचला. त्या रुग्णालयाने ही हकिगत जगापुढे येऊ दिली, त्याचं मला जास्त कौतुक वाटतं.

अमेरिकेत लीपफ्रॉग ही संस्था रुग्णालयांना संगणकात खोटे पेशंट भरायला लावते, त्यांच्या नावे चुकीची औषधं लिहायला सांगते आणि किती अडवली गेली ते मोजते. हे आपल्याकडे एका दुपारचं काम आहे. रोजचं मेथोट्रेक्सेट लिहा. पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदवून त्याच गटातलं ॲमॉक्सिसिलिन लिहा. बारा किलोच्या पोराला मोठ्या माणसाचा डोस द्या. एकच पॅरासिटामॉल दोन कंपन्यांच्या नावांनी टाकून बघा. आणि लिहायला बसवायचं ते रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरला. सॉफ्टवेअर विकायला आलेल्या मुलाला नव्हे, त्याला सगळी बटणं पाठ असतात. सॉफ्टवेअर बदललं की पुन्हा हेच. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या तपासनीसांनीही समोर बसून असा एक पेशंट भरून घ्यावा.

मेट्रननी माझं सगळं ऐकून घेतलं, कंपनीला मेल केल्याचंही सांगितलं. नवव्या दिवशी आम्हाला घरी सोडलं, तेव्हा यादीत 'ओडी' तसंच होतं. मॉनिटरच्या कडेला तेवढा एक कागद चिकटवला होता, स्केचपेनने ठळक लिहिलेला : 'मेथोट्रेक्सेट – वार बघा!'

– एक निवृत्त वॉर्ड सिस्टर, मिरज