आधी प्रत, मग फॉरमॅट

मा. संपादक,

आईच्या आवाजातल्या ओव्या मी 2009 साली ध्वनिमुद्रित करून घरच्या संगणकात ठेवल्या होत्या. आई आता नाही. गेल्या महिन्यात एकेक फाइल उघडायला पाच-पाच मिनिटं लागू लागली आणि डब्यातून पाल चुकचुकावी तसा टक्-टक् आवाज येऊ लागला. दुरुस्तीवाला पाहताक्षणी म्हणाला, ‘फॉरमॅट मारू, चालू होईल.’ फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून नव्याने तयार करणं; ऐकलं असतं तर सगळंच गेलं असतं. संगणकातल्या फाइली जिच्यात साठतात त्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते, वाचणारं डोकं तिच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. ते घासू लागलं, की डिस्क चालू ठेवणंही घातक. मी संगणक तिथल्या तिथे बंद केला. भाच्याने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, आधी ओव्यांचं फोल्डर उतरवलं, बाकीचं नंतर. 41 पैकी 38 ओव्या मिळाल्या. गेलेल्या तीनांत माझ्या बारशाची होती.

‘आत काय आहे, दुसरी प्रत आहे का?’ एवढं तरी दुकानदारांनी फॉरमॅटआधी विचारलंच पाहिजे. ओव्यांची एक प्रत आता नाशिकला बहिणीकडे आहे.

– एक वाचक, संगमनेर