'पुढे जा' म्हणजे नेमके कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भिकाऱ्यांना पैसे द्यावेत की देऊ नयेत, हा वाद वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात दर काही महिन्यांनी नव्याने रंगतो. एक बाजू दानधर्माची, दुसरी 'हे सगळे रॅकेट आहे' असे ठामपणे सांगणारी. दोन्हीकडचे बोलणे देणाऱ्याच्या मनापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. घेणाऱ्याला ते दहा रुपये कशाला लागतात, याचा हिशेब कुणी मांडत नाही. रस्त्यावर राहणाऱ्यांशी आमचा रोजचा संबंध येतो, म्हणून तो इथे मांडतो.

पदपथावर राहणे फुकट असते, हा पहिला गैरसमज. सकाळी संडासाला पैसे, आंघोळीला त्याहून जास्त. कपडे धुवायचे तर साबण घ्या आणि ते वाळेपर्यंत राखत बसा, नाहीतर चोरीला जातात. मोबाइल असेल तर टपरीवर चार्जिंगचे पैसे. गाठोडे दिवसभर कुणाकडे ठेवायचे तर त्यालाही काहीतरी द्यावे लागते. चहाच्या पैशांत चहाबरोबर दहा मिनिटे बाकावर बसण्याची परवानगीही विकत मिळते, हे घरी चहा पिणाऱ्याला सुचणार नाही. काही जण दारू पितात, काही पोरे नशेसाठी पंक्चरचे सोल्यूशन हुंगतात, हेही खरेच. पण पैसे तोडले म्हणून व्यसन सुटत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर दोन-तीन दिवसांत हात कापू लागतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो. फुटपाथवर ते जिवावर बेतते. तसे दिसले की १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

'पैसे नको, खायला द्या' हा सल्ला ऐकायला बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात अन्नाचा पुरवठा वारांवर चालतो. शनिवारी मारुतीच्या आणि गुरुवारी साईबाबांच्या देवळाबाहेर एकेका म्हातारीपुढे शिऱ्याचे चार-पाच द्रोण साठतात, मुंग्या लागतात आणि संध्याकाळी ते कचऱ्यात जातात. मंगळवारी तीच म्हातारी चहा-पावावर असते. दुसरी गोष्ट वेळेची. लग्नातले उरलेले अन्न रात्री अकराला वाटायला निघते, तोवर दहीभात, नारळाची चटणी, पनीरची भाजी उन्हाळ्यात आंबू लागलेली असते. रस्त्यावर जुलाब लागणे म्हणजे काय, याची कल्पना करावी: संडास बंद, पाणी नाही, बदलायला दुसरे कपडे नाहीत. द्यायचेच तर केळी, मऊ पोळी-भाजी, राजगिऱ्याचा लाडू द्यावा. फुटाणे आणि चिक्की दात नसलेल्यांना चावत नाहीत, आणि गोड बिस्किटांचे पुडे मधुमेह असलेल्यांच्या पायाच्या जखमा चिघळवतात. जवळपास शिवभोजन केंद्र चालू असेल तर थाळी १० रुपयांची आहे: दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण आणि भाताची मूद. ती दुपारीच मिळते आणि सगळी केंद्रे सदैव उघडी नसतात, म्हणून आधी खात्री करून मगच माणसाला तिकडे धाडावे. भर उन्हात लंगडत जाऊन बंद शटर पाहून परतलेला माणूस पुढच्या वेळी तुमचे ऐकत नाही.

चादरींचेही तसेच. डिसेंबर-जानेवारीत एकाच पुलाखाली तीन-तीन मंडळे फोटो काढत ब्लँकेटे वाटतात. जूनच्या पहिल्या पावसात त्याच माणसाकडे प्लास्टिकचा कागदही नसतो, कारण अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा गाठोडे आधी उचलते. ९ बाय ६ फुटांची ताडपत्री, सुतळी, पायाच्या मापाच्या चपला, मोठ्या आकाराची अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, नखे कापायचे यंत्र या गोष्टी कुणीच देत नाही. यादी देवळातल्या पाटीवर लिहिण्याजोगी आहे.

बाळाला कडेवर घेऊन दुधाच्या पावडरीचा डबा मागणारी बाई दिसली की रॅकेट सिद्ध झाले असे लोक मानतात. डबा दुकानात परत जातो आणि थोड्या कमी पैशांत रोख मिळते, हे अनेक ठिकाणी घडते. म्हणून डबा घेतलाच तर सील फोडून द्यावा, किंवा सुटे दूध घ्यावे. तिला मात्र दुधापेक्षा भाड्याचे पैसे हवे असू शकतात, एवढे लक्षात असू द्यावे.

आता लहान मुलांबद्दल. इथे आम्ही स्पष्टपणे 'पैसे देऊ नका' म्हणणाऱ्यांच्या बाजूने आहोत. मूल जितके लहान तितकी त्याच्या हातात जास्त नाणी पडतात, त्यामुळे शाळेत जाण्याच्या वयातच त्याची कमाई सर्वांत मोठी असते. बारा-तेरा वर्षांचे झाले की लोक त्यालाच 'काम का करत नाहीस' असे हिणवतात. तोवर शाळा हातची गेलेली असते. अशा वेळी काच वर करून मोकळे होऊ नये, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करावा. सांगताना चौकाचे नाव, वाहने कुठून कुठे जातात ती बाजू, वेळ, अंदाजे वय, कपड्यांचा रंग आणि आसपास कुणी मोठे माणूस नजर ठेवून आहे का, एवढे सांगावे. 'मंडईजवळ एक मुलगी' एवढ्यावर पथक पोचेपर्यंत मुलगी दुसऱ्या सिग्नलला गेलेली असते. कडेवरचे मूल हॉर्नच्या गोंगाटातही हलत नसेल तर तेही सांगावे आणि १०८ही लावावा. मुलाचा फोटो समूहांवर फिरवू नये. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४ खाली अशा मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. पुष्कळदा समिती त्याला आईबापांकडेच परत देते आणि तक्रार करणारा चिडतो. पण आईबाप खरेच आईबाप असतील आणि गरीब असतील तर दुसरे काय करावे? त्या टप्प्यावर शाळेतला प्रवेश पक्का करून घ्यायचा असतो. वयाचा दाखला नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश नाकारता येत नाही, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे दाखवावे लागते. मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्याच कलम ७६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. भीक मागण्यासाठी मुलाला पळवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९ खाली किमान १० वर्षे, अपंग करणाऱ्याला किमान २० वर्षे. टोळ्या आहेत असे ज्यांना वाटते त्यांच्या हाती ही कलमे आहेत.

पण संशय जमावाच्या हाती गेला की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून ठेचून मारले गेले. वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाले यांना पिढ्यान् पिढ्या दारात सुपातले धान्य घालणारा आपलाच समाज.

कायद्याचा ओढाही संशयाकडेच आहे. आपल्याकडे १९५९चा भिक्षा प्रतिबंधक अधिनियम अजून लागू आहे. त्याच्या व्याख्येत हात पसरणारा तर येतोच. गाणे, नाच, भविष्य सांगणे किंवा वस्तू विकण्याच्या निमित्ताने मागणारा येतो. आणि उपजीविकेचे दिसेल असे साधन नसलेला, इकडेतिकडे फिरणारा माणूसही येतो. दाढी वाढलेला, काम न मिळालेला बिगारी स्टेशनबाहेर झोपला तर तोही त्यात बसतो. पोलीस विनावॉरंट धरू शकतात. न्यायालयात चौकशी, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल, आणि भिक्षेकरी ठरला तर पहिल्याच वेळी १ ते ३ वर्षे भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी याच कायद्याची भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात ती तशीच आहेत. आपल्या राज्यातल्या भिक्षेकरी गृहात ठेवलेल्या माणसाला तिथल्या कामासाठी २०२५पर्यंत महिन्याला, दिवसाला नव्हे, ५ रुपये मेहनताना होता. एप्रिल २०२५मध्ये मंत्रिमंडळाने तो दिवसाला ४० रुपये करण्याचा निर्णय घेतला. वर्षभर राबून साठ रुपये घेऊन बाहेर पडलेला माणूस पुन्हा त्याच सिग्नलला दिसला, तर त्यात नवल ते काय!

इंदूरने तर १ जानेवारी २०२५पासून देणाऱ्यावरच गुन्हा नोंदवायला सुरुवात केली. अनेकांना हा उपाय आवडला, 'पुण्यातही करा' असे लोक म्हणू लागले. यात माणूस नजरेआड होतो खरा. तो हद्दीपलीकडच्या गावात, टोलनाक्यावर किंवा रेल्वेत गेलेला असतो.

रस्ता सोडायचा तर बहुतेकांचे घोडे कागदावर अडते, आणि मदत करू पाहणाऱ्यांनी खरा वेळ इथे घालवावा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात, दिव्यांगांना आता २,५००. ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. अटी अशा: महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत (दिव्यांगांना ५०,०००). २१,००० म्हणजे दिवसाला ५८ रुपये. त्याहून जास्त भीक मिळाल्याचे कुणी प्रामाणिकपणे सांगितले तर तो निराधार उरत नाही! वास्तव्याचा पुरावा मागितला की पुलाखाली वीस वर्षे काढलेला माणूस गप्प होतो. आधी आधार लागते, आणि तिथेच चूक होते. कार्ड हरवले म्हणून कार्यकर्ते नवी नोंदणी करतात. जुनी नोंद असल्याने ती 'दुबार' ठरून फेटाळली जाते आणि दोन महिने वाया जातात. म्हणून आधी विचारावे: कधी बोटे टेकवली होती का, गावाला का इथे? 'हो' आले तर आधार केंद्रात नाव, जिल्हा किंवा पिनकोड आणि बोटांचे ठसे यांवरून जुने आधार शोधता येते. कधीच नोंदणी झाली नसेल तर मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालते. बिगारकामाने झिजलेली किंवा कुष्ठरोगाने झडलेली बोटे यंत्राला दिसत नाहीत; बुबुळांचा स्कॅन घ्या असा आग्रह धरावा. मोतीबिंदूने तोही अडू शकतो, मग आधी डोळ्यांचे ऑपरेशन. यानंतर शून्य शिलकीचे खाते, त्याला आधार जोडणे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि दर वर्षी हयातीचा दाखला. तो चुकला की अनुदान थांबते, आणि दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर बँक खाते निष्क्रिय करते. एका माणसामागे पाच-सहा खेपा धराव्यात. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा सोबत रांगेत उभे राहणारा माणूस दुर्मीळ आहे.

निवाऱ्यांचे निकष कागदावर चांगले आहेत: शहरी बेघरांच्या योजनेत दर लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा. प्रत्यक्षात नवरा-बायकोला वेगळे राहावे लागते, प्यायलेल्याला आत घेत नाहीत, आणि जागा कमाईच्या ठिकाणापासून लांब असते. 'निवारा असूनही जात नाहीत, यांना सवयच लागली' हे वाक्य उच्चारण्याआधी तिथल्या गादीवर एक दुपार बसून यावे. भ्रमिष्टासारख्या फिरणाऱ्या माणसाला मात्र निवाऱ्यात ढकलू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७च्या कलम १०० प्रमाणे त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी नेणे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्यासाठी ११२ला फोन करून कलमाचा उल्लेख करावा. एकट्या वृद्धांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

राहिला प्रश्न नाण्याचा. 'सुट्टे नाहीत' ही पूर्वी थाप असे. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय लागल्यापासून ती खरी झाली आहे. मोठ्या माणसाला द्यावेसे वाटले तर द्यावे, कशाला खर्च करणार हे विचारू नये. द्यायचे नसेल तर 'नाही हो, आजोबा' एवढे त्याच्याकडे बघून म्हणावे. 'पुढे जा' म्हणताना हात कुत्रे हाकलल्यासारखा हलतो, ते टाळावे.

आपल्याकडे एक विनंती. दर हिवाळ्यात ब्लँकेटवाटपाची छायाचित्रे छापली जातात. त्याऐवजी त्याच जागेत एकदा शहरातल्या सर्व निवाऱ्यांचे पत्ते, तिथे पुरुष, स्त्रिया की कुटुंबे राहू शकतात, रात्री किती वाजेपर्यंत प्रवेश मिळतो आणि अधीक्षकांचा कार्यालयीन दूरध्वनी, एवढे छापावे. लोक ते कात्रण गाडीत ठेवतील.

आपले,
शहरी बेघरांसोबत काम करणारे काही कार्यकर्ते, पुणे