दारापर्यंतची सहल

टँपा, फ्लोरिडा

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

आम्ही दोघे ठीक आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, हिची साखर आटोक्यात आहे. प्रकृतीचे पुराण इथेच संपले. फोन न करता पत्र लिहिण्याचे कारण असे की या घरात फोन नेहमी स्पीकरवर असतो, आणि भिंती इतक्या पातळ आहेत की मी आमच्या खोलीत खोकलो तर पलीकडच्या खोलीतून ‘पाणी हवे का’ अशी विचारणा होते. मला जे सांगायचे आहे ते इथे कोणाच्या कानावर जाता कामा नये.

प्रसादची नोकरी गेली आहे, असा मला दाट संशय आहे. त्याने तसे सांगितलेले नाही, सूनबाईंनी सांगितलेले नाही, आणि हिला एकतर कळलेले नाही किंवा कळूनही ती मला सांगत नाही. मला हे कळले ते डिस्ने वर्ल्डमुळे. हसू नकोस, पुढे वाच.

आम्ही निघण्याआधी ठरले होते की ऑरलँडोला जाऊन डिस्नेची चारही उद्याने पाहायची. मुक्ताने तर कुठल्या दिवशी कुठला फ्रॉक घालायचा याची यादी करून भिंतीवर चिकटवली होती. आम्ही पोहोचल्यावर मात्र चिरंजीवांनी एका रात्री जेवताना नवीनच विचार मांडला. आत नुसत्या रांगा असतात, या उन्हात तुम्हाला झेपायचे नाही, आणि खरी गंमत बाहेरच्या हॉटेलांत, तलावांवर आणि मोनोरेलमध्ये आहे, तीही फुकट, असे त्याचे म्हणणे. दत्ता, मी एस.टी.ने जातो म्हणून ज्याने मला जन्मभर चिडवले, त्याच्या तोंडून ‘फुकट’ हा शब्द इतक्या कौतुकाने आलेला ऐकून माझा घास हातातच राहिला. उन्हाबद्दल तो खोटे बोलत नव्हता. इथल्या जुलैत दुपारी अंगाला चटके बसतात आणि संध्याकाळी विजा कडाडतात. पण मी हिशेबी माणूस. एका माणसाचे एका उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट कमीत कमी ११९ डॉलर, गर्दीच्या दिवसांत १९० च्याही वर, आणि फुकट प्रवेश तेवढा तीन वर्षांच्या आतल्या मुलालाच. आम्ही पाच जण, त्यात मुक्ता सात वर्षांची. गुणाकार तूच कर.

पहिल्यांदा आम्ही डिस्ने स्प्रिंग्जला गेलो, तेही मंगळवारी. ‘आज ऑफिस नाही का?’ असे हिने सहज विचारले तर ‘घरून काम आहे’ असे उत्तर मिळाले, आणि घरून काम असलेला माणूस दिवसभर आमच्याबरोबर तळ्याकाठी हिंडत होता. ती जागा म्हणजे १९७५ साली सुरू झालेली बाजारपेठ. नावे बदलत बदलत २०१५ पासून तिला हे नाव आहे. आत जायला पैसे नाहीत आणि गाडी लावायलाही नाहीत. बहुमजली वाहनतळात प्रत्येक जागेवर एक दिवा असतो, जागा मोकळी असली की हिरवा आणि भरलेली असली की लाल, त्यामुळे घिरट्या घालाव्या लागत नाहीत. मुक्ताचे सगळे लक्ष तळ्यात होते, कारण तिथे लेगोच्या ठोकळ्यांचा एक भलामोठा सागरी ड्रॅगन पाण्यातून डोके वर काढून बसला आहे. ‘पहिली भेट’ असे लिहिलेले गोल बिल्ले मागितले की फुकट मिळतात. हिने तो पदराला लावला आणि दिवसभर मिरवला. प्रसादचा फोन मात्र दोनदा वाजला, दोन्ही वेळा तो खांबाआड गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता की मी ड्रॅगनकडेच पाहत राहणे बरे.

दुसरी सहल मोनोरेलची. इथे एक गोम आहे. मोनोरेलला तिकीट नाही, बोटीला नाही, पण जिथून ती सुटते त्या मुख्य थांब्यावर गाडी लावायचे पैसे पडतात. म्हणजे फुकटालाही वाहनतळाचे भाडे आहे. मी पाकीट काढले तर त्याने जवळजवळ ओरडूनच ते आत ठेवायला लावले. असो. दत्ता, ती गाडी पाहून मला तुझी फार आठवण झाली. काँक्रीटची एकच तुळई, रुंदी फक्त २६ इंच, आणि तिच्यावर रबरी चाकांनी धावणारी आगगाडी. आपण वर्कशॉपमध्ये असतो तर जेवणाच्या सुट्टीत तिच्या रचनेवरून हातघाईवर आलो असतो. ती काँटेम्पररी नावाच्या हॉटेलच्या पोटातून जाते, खरोखर इमारतीच्या एका बाजूने शिरून दुसरीकडून बाहेर पडते. हे हॉटेल १९७१ चे. त्याच्या खोल्या अगोदर वेगळ्या तयार केल्या आणि मग क्रेनने उचलून पोलादी सांगाड्यात सरकवल्या. आत मेरी ब्लेअर या चित्रकर्तीने केलेले टाइल्सचे ९० फूट उंच भित्तिचित्र आहे आणि त्यात कुठेतरी पाच पायांची बकरी दडलेली आहे. मुक्ताने ती शोधली. मला चार पायांच्यासुद्धा सापडत नव्हत्या.

मुख्य थांब्यावर गाडी बदलली की दुसरी मोनोरेल एपकॉट या उद्यानाकडे जाते, आणि ती सरळ त्याच्या आत शिरून त्या १८० फूट उंच पांढऱ्या गोलाजवळून वळसा घालते. खाली तिकीट काढलेली माणसे घामाघूम होऊन चाललेली, आणि वर आम्ही, एक दमडी न देता, थंड डब्यात बसून. मनात आले, आपण सर्कशीच्या कनातीखालून सरपटत आत शिरलो होतो तेव्हा तुझी चड्डी खुंटीला अडकून फाटली होती. इथे मात्र फुकट्यांना वातानुकूलित डब्यातून मिरवतात.

रात्री पॉलिनेशियन हॉटेलच्या वाळूवर बसलो. समोरचे तळे मानवनिर्मित आहे, त्याला लागून असलेले बे लेक तेवढे नैसर्गिक. तळे खणून निघालेल्या मातीचा भराव घालून पलीकडचे मॅजिक किंगडम हे किल्ल्याचे उद्यान उभे केले. नऊच्या सुमारास तराफ्यांची रांग येते, प्रत्येकावर दिव्यांनी रेखलेले मासे, कासवे आणि समुद्रसर्प, आणि ती १९७१ पासून अशीच निघते. मागोमाग किल्ल्यावरची आतषबाजी, जिचे संगीत ध्वनिक्षेपकावरून वाळूपर्यंत ऐकू येते. मुक्ताने फक्त एकदा विचारले, ‘आबा, त्या किल्ल्यात आपण कधी जायचं?’ सूनबाईंनी तिला जवळ ओढले. प्रसाद पाण्याकडे पाहत म्हणाला, ‘पुढच्या वर्षी.’ आता हे बघ, एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी सुटली तर त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी धरायची, व्हिसाचा दुसरा मार्ग काढायचा, नाहीतर देश सोडायचा. पुढच्या वर्षाची गोष्ट तो कोणत्या भरवशावर करतो, आणि ६० पैकी किती दिवस उलटले, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.

तिसऱ्या सहलीत माझा संशय पक्का झाला. अ‍ॅनिमल किंगडम लॉज म्हणून २००१ सालचे हॉटेल आहे आणि त्याच्या मागच्या कुरणात जिराफ, झेब्रे मोकळे सोडलेले असतात. गच्चीवर कोणीही उभे राहावे, पाहावे. मात्र फाटकावरचा पहारेकरी कशासाठी आलात असे विचारतो, म्हणून प्रसादने साना नावाच्या उपाहारगृहात जागा राखून ठेवली होती. तिथे आफ्रिकी स्वयंपाक आपल्या मसाल्यांनी करतात. पाच प्रकारच्या रोट्या आणि नऊ प्रकारच्या चटण्या-लोणची असे एक ताट मिळते. आम्ही पाच जणांत ते एकच घेतले, बाकी डब्यातल्या दशम्या गाडीत झाल्या होत्या. हिने चटणी चाखून ‘मीठ कमी’ असा शेरा दिला. प्रसादने भूक नाही म्हणून सांगितले. बिल आले तेव्हा मी त्याच्या हाताकडे पाहत होतो: टिपेचा आकडा त्याने लिहिला, खोडला, त्याहून लहान लिहिला, मग तोही खोडून पहिलाच पुन्हा लिहिला. ज्याने मागच्या खेपेला कार्ड न पाहताच पुढे केले होते, तो हा मुलगा.

पण तुला गुरांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या कुरणात अंकोले जातीची आफ्रिकी गुरे आहेत. खिलाराची शिंगे निमुळती आणि मागे झुकलेली, तर यांची बुंध्याशी माझ्या मांडीएवढी जाड आणि वर कमानीसारखी पसरलेली. एवढे ओझे घेऊन ते जनावर शांतपणे रवंथ करीत उभे होते. तू असतास तर खरसुंडीच्या जत्रेतल्यासारखे दात बघायला कठड्यावरून उडी मारली असतीस.

आता मूळ मुद्दा. तुझ्या कारखान्याला टाळे लागले त्या वर्षी तू रोज सकाळी डबा घेऊन निघायचास आणि संध्याकाळपर्यंत आयर्विन पुलाखाली बसायचास. मला ते दिसले आणि मी तुझ्या वडिलांना सांगितले. त्यावरून तू वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस, माझ्या बहिणीच्या लग्नातही पंगतीत माझ्याकडे पाठ करून जेवलास. मी केले ते योग्यच होते हे माझे मत आजही कायम आहे, आणि ‘माझे मी सांगणार होतो’ हे तुझे म्हणणेही मला पाठ आहे. तो वाद मला उकरायचा नाही. परंतु आज माझ्यासमोर तसाच एक माणूस रोज इस्त्रीचा शर्ट घालून, दार लावून, पडद्यासमोर मुलाखती देत बसतो आहे, आणि त्याच्या मनात काय चालले असेल हे माझ्या माहितीत तुझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

हिशेबाने पाहिले तर लपवाछपवी इथल्या मातीतच आहे. डिस्ने मंडळींनी ही सुमारे २७,००० एकर जमीन भलत्याच नावांच्या कंपन्या काढून गुपचूप विकत घेतली, कारण खरे नाव कळले असते तर भाव कडाडले असते. तरी १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये स्थानिक वर्तमानपत्राने ते गुपित फोडलेच. पुढच्या वर्षी वॉल्ट डिस्ने वारले. निवृत्त व्हायला निघालेले थोरले बंधू रॉय यांनी काम अंगावर घेतले, १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये उद्यान उघडले आणि डिसेंबरात तेही गेले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमले नाही ते आमचे चिरंजीव तीन खोल्यांच्या घरात जमवू पाहतात.

माझ्याकडे मुदत ठेवीचे पैसे आहेत, आणि परतीची तिकिटे अलीकडे ओढता येतील, म्हणजे त्यांच्यावरचा आमचा खर्च तरी कमी होईल. पण हे बोलायचे तर आधी ‘मला माहीत आहे’ असे म्हणावे लागते, आणि ते म्हटल्यावर त्याने आमच्यासाठी एवढ्या कष्टाने शोधून काढलेल्या या सहलींचे काय होईल याची मला भीती वाटते. मोनोरेलमध्ये तो खरोखर खुश होता, दत्ता. ते नाटक नव्हते.

तुझ्या मोतीबिंदूचे काय झाले? वहिनींना नमस्कार सांग, आणि आमच्या गच्चीवरची टाकी एकदा पाहून ये. किल्ली शेजारी दिली आहे.

येत्या गुरुवारी फोर्ट विल्डरनेस नावाच्या जंगलातल्या छावणीत जायचे ठरले आहे. तिथे मॅजिक किंगडममधल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या घोड्यांचा तबेला पाहता येतो, संध्याकाळी शेकोटीभोवती चिप आणि डेल या डिस्नेच्या कार्टूनमधल्या दोन खारींच्या वेशातली माणसे मुलांकडून गाणी म्हणवून घेतात आणि मग उघड्यावर पडदा लावून चित्रपट दाखवतात, तेही सगळे विनामूल्य. मुक्ता आणि बायका शेकोटीपाशी असतील, प्रसाद आणि मी तबेल्याकडे चक्कर मारू शकतो. तेव्हा मला एवढेच कळव: त्या दिवसांत मी तुझ्या वडिलांकडे न जाता पुलाखाली तुझ्या शेजारी येऊन बसलो असतो आणि सरळ विचारले असते, तर तू खरे सांगितले असतेस का? उत्तर ई-मेलनेच पाठव, कुटुंबाच्या ग्रुपवर एक अक्षरही टाकू नकोस, आणि बुधवारच्या रात्रीच्या आत पाठव.

तुझा,
अरविंद